ओसरीवरून : खेळ कोठें अडतो तें आधीं पाहावें

संगणकावरील झुंजीच्या खेळांचा विषय या सदरांत यावा, याचें कांहीं वडीलधाऱ्या वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरांत दहाबारा माणसें एका छपराखालीं राहतात आणि ज्या घराचा खर्च एकाच वहींत मांडला जातो, त्या घरीं "खेळ अडखळतो, नवें ग्राफिक्स कार्ड घेऊन द्या" ही एका मुलाची मागणी साऱ्या घरास पुरते. लागलीच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खेळासाठीं दमडी देऊं नये. दुसरा म्हणतो, अभ्यास चांगला करतो आहे, घेऊन टाका. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष तपास केल्यावांचून निकाल देतात. या अंकीं तो तपास कसा करावा, एवढेंच सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं शब्दाचा अर्थ पाहूं. पडद्यावर जें हलतें दिसतें, तें वस्तुतः हलत नसतें. स्थिर चित्रें एकामागून एक इतक्या त्वरेनें येतात कीं डोळ्यांस गति भासते. सिनेमाचें तत्त्व हेंच. बोलपट आल्यापासून सेकंदास २४ चित्रें हें त्याचें प्रमाण ठरून गेलें आहे. पण सिनेमाचीं चित्रें आधींच तयार असतात. खेळाचें प्रत्येक चित्र त्याच क्षणीं नव्यानें काढावें लागतें, कारण खेळणारा कोणीकडे वळेल हें आधीं कोण सांगणार ? एका सेकंदांत अशीं किती चित्रें निघतात, त्या संख्येस मुलें 'एफपीएस' किंवा 'फ्रेम रेट' म्हणतात. सेकंदास ३० निघालीं तर दोन चित्रांमध्यें सुमारें ३३ मिलिसेकंदांचें अंतर पडतें, ६० निघालीं तर १७ चें, आणि १४४ निघालीं तर सुमारें ७ चें.

हा फरक क्षुल्लक आहे काय ? 'काउंटर-स्ट्राइक २' हा खेळ घ्या. सप्टेंबर २०२३ मध्यें तो आला, आणि २०१२ पासून चालत आलेल्या आवृत्तीची जागा त्यानें घेतली. त्यांत पांच-पांचांचे दोन पक्ष झुंजतात. धुराचा गोळा फेकला तर तो धूर गोळीनें फाटतो आणि स्फोटानें पांगतो. हें जुन्या आवृत्तींत नव्हतें. साहजिकच ज्यांच्या यंत्रावर जुना खेळ सुरळीत चाले, त्यांपैकीं पुष्कळांचा नवा खेळ अडखळूं लागला. कोपऱ्याआडून शत्रु डोकावला असतां चित्र उशिरां आलें, तर मुलगा हरतो आणि त्याच्याबरोबर चार सवंगडी हरतात. म्हणून ही तक्रार निव्वळ हट्ट समजून झिडकारूं नये.

आतां यंत्र कोठें अडतें तें पाहूं. प्रत्येक चित्रामागें दोघांचे हात असतात. कोण खेळाडू कोठें आहे, गोळी कोणास लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबाबरहुकूम चित्र रंगवितें तें ग्राफिक्स कार्ड. पंगतींत आचारी भात उतरवितो आणि वाढपी तो पानांवर घालतो, तसेंच हें आहे. भातच शिजावयाचा असेल तर वाढपी चार असोत कीं आठ, पंगत खोळंबणारच.

आचारी अडला कीं वाढपी, हें ओळखण्यास आमच्या न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक पुरेसा आहे. एक गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या, आणि फळ बदलतें कीं नाहीं तें पाहावें. खेळाच्या सेटिंगमध्यें चित्राचें रिझोल्यूशन १९२० × १०८० असेल तर तें १२८० × ७२० करावें. पहिल्यांत २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात, दुसऱ्यांत ९,२१,६००. म्हणजे कार्डाचें काम निम्म्याहून कमी होतें, प्रोसेसरचें मात्र जवळजवळ तेवढेंच राहतें. फ्रेम रेट चांगला वाढला, तर अडचण कार्डाची होती. तो हालला नाहीं, तर कार्ड निर्दोष आहे, आणि नव्या कार्डावर घातलेला पैसा पाण्यांत जाईल. या परीक्षेस पैसा लागत नाहीं. कागद, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

कार्ड अडत असेल तर सावल्या, धूर-धुकें आणि कडा गुळगुळीत करण्याची योजना, यांच्या सेटिंग एकेक पायरी उतरवाव्या. लहान आंकाराचें चित्र काढून तें मोठें करून दाखविण्याचीही सोय असते. काउंटर-स्ट्राइकमध्यें ती 'एफएसआर' या नांवानें आहे. भिंती-कपड्यांच्या पोताची सेटिंग मात्र कार्डाची स्मृति पुरेशी असल्यास उतरवून फारसा लाभ नाहीं. प्रोसेसर अडत असेल तर मागें उघडें राहिलेलें ब्राउझर व चित्रमुद्रणाचे प्रोग्रॅम बंद करावे. रॅमची एकच पट्टी बसविलेली असेल तर तिच्या जोडीची दुसरी घालावी. दोन वाटांनीं माहिती येऊं लागली कीं प्रोसेसरचें तिष्ठणें कमी होतें. खेळाडूंची गर्दी मोठी तितका प्रोसेसरवर भार अधिक. 'बॅटलफील्ड २०४२' हा खेळ नोव्हेंबर २०२१ मध्यें आला तेव्हां एका मैदानांत १२८ खेळाडू उतरत. असल्या खेळांत जुना प्रोसेसर दमला तर नवल नाहीं.

कांहीं दोष तर केवळ दुर्लक्षाचे असतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणावा आणि विंडोजच्या सेटिंगमध्यें तो ६० वरच राहावा, हें वारंवार घडतें. मॉनिटरची केबल कार्डाऐवजीं मदरबोर्डाच्या खोबणींत लावलेली असते. लॅपटॉप चार्जरवांचून चालविला तर तो आपली शक्ति आवरून धरतो. उष्णतेचें तर विचारूंच नये. नागपूर-जळगांवकडील वैशाखांत गादीवर लॅपटॉप ठेवून खेळलें, तर पहिलीं दहा मिनिटें खेळ सुरेख चालतो. मग यंत्र तापतें आणि जळूं नये म्हणून स्वतःच मंद होतें. टणक मेज, धूळ झाडलेली जाळी आणि समोर पंखा, एवढ्यानेंही तें पुष्कळसें सांवरतें.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत धाकट्या भावाच्या मुलानें असेंच कार्ड मागितलें. थोरल्या काकांनीं चार महिने बाजूस टाकलेली रक्कम दिली. त्याच रकमेंतून पुतणीच्या क्लासची फी भरावयाची होती, ती पुढें ढकलली. कार्ड आलें आणि खेळ होता तसाच राहिला. मागाहून कळलें कीं प्रोसेसर जुना, रॅमची पट्टी एक. दुसरी पट्टी घातल्यावर थोडा गुण आला. तिची किंमत कार्डाच्या मानानें नगण्य होती. पुतणीची फी पुढच्या हप्त्यांत गेली. परंतु त्या मुलाची घरांतील पत गेली ती अद्याप भरून आलेली नाहीं. पुढें त्यानें अभ्यासाचें पुस्तक मागितलें तरी काकू विचारीत, "हें तरी खरेंच लागणार आहे ना रे ?" मुलगा लबाड नव्हता. त्यास मागणें ठाऊक होतें, पारखणें कोणीं शिकविलें नव्हतें.

आणखी दोन भेद ध्यानांत ठेवावे. चित्रें भराभर येत असूनही शत्रु एका जागेवरून दुसऱ्या जागीं उडी मारल्यासारखा दिसला, तर दोष बहुधा जाळ्याचा असतो. मुलाचा संदेश खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास जो काळ लागतो, तो कार्डानें कमी होत नाहीं. वायफायऐवजीं राउटरपासून केबल ओढली तर पुष्कळदां होतो. दुसरें असें कीं, मोठ्या आंकड्यास भुलूं नये. २०२२ पासून कांहीं कार्डें खऱ्या दोन चित्रांमध्यें स्वतः कल्पिलेलें एक चित्र घुसवितात. आंकडा फुगतो, डोळ्यांस बरें वाटतें; पण हाताच्या हालचालीस मिळणारें उत्तर त्यानें लवकर येत नाहीं. घटकेंत १४०, घटकेंत ५० अशा धावण्यापेक्षां अखंड ९० बरें. म्हणून खेळांतच वरची मर्यादा घालून ठेवावी. आणि 'एका दाबांत फ्रेम दुप्पट' असें सांगणारे फुकटे प्रोग्रॅम तर मुळींच उतरवून घेऊं नयेत. ज्या यंत्रावर घरचे बँकेचे व्यवहार होतात, तेथें अनोळखी पाहुण्यास किल्ली देऊं नये.

आमची सूचना इतकीच. मुलानें मागणी केली तर त्यास सांगावें : "रविवारीं बसूं. तूं एकेक सेटिंग बदल, आंकडा मोठ्यानें वाच, मी लिहून घेतों." घरांतील आजोबांनीं हें लिहिण्याचें काम अवश्य पत्करावें, त्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. हे खेळ मध्येंच थांबवितां येत नाहींत, डाव टाकून उठल्यास कांहीं काळ बंदीही होते. तेव्हां जेवणाच्या पानाची वेळ आधीं ठरवून घेण्याचें कलमही त्याच बैठकींत घालावें. तपासाअंतीं कार्डच हवें असें ठरलें आणि वहींत तेवढी रक्कम असली, तर खुशाल घ्यावें. नसली तर नाहीं म्हणावें. पण तें 'नाहीं' त्या कागदावरचे आंकडे समोर ठेवून सांगावें.