खिशातली पुरवणी

मोजक्या शिलेदारांच्या चकमकीच्या खेळाला जाडजूड ग्रंथांचं ओझं नको. त्याला नियमांची डिजिटल पुरवणीच शोभते. ‘फ्रॉस्टग्रेव्ह’चंच पाहा. जोसेफ मॅककलो यांचा हा टेबलावरचा युद्धखेळ ऑस्प्रेने २०१५ मध्ये आणला. बर्फाखालून वर येणारं उद्ध्वस्त शहर, वीस बाजूंचा फासा, आणि जादूगार, त्याचा शिष्य व भाडोत्री सैनिक मिळून टोळीत साधारण दहाच मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती. मूळ पुस्तकानंतर छोट्या पुरवण्या ई-बुक म्हणून आल्या. ‘सेलस्वर्ड’ने टोळीला कप्तान दिला, ‘डार्क अल्केमी’ने एकट्याने खेळायची वाट उघडली. एवढ्याशा मजकुराचं वेगळं पुस्तक छापणं जड जातं. फोनवर मात्र अंगापेक्षा बोंगा मोठा होत नाही. मिनिएचरची पेटी, फासे, मोजपट्टी घेऊन मित्राकडे निघालेल्या खेळाडूला ही सुटसुटीत सोय फार मोलाची. ऐन रंगात एखाद्या मंत्रावरून वाद झाला, तर शब्द टाइप करून नियम लगेच सापडतो आणि डाव थंडावत नाही. पण फाइल आधीच उतरवून ठेवा, आणि कोणत्या पुरवण्या धरायच्या हे पहिला फासा पडण्याआधी दोघांनी ठरवा, कारण समोरच्याला ठाऊक नसलेला नियम त्याच्यावर अन्याय करतो. पुढे २०१७ मध्ये याच पुरवण्या ‘फ्रॉस्टग्रेव्ह फोलिओ’त छापून आल्या, हेही योग्यच झालं. नवं काही आजमावायला पडदा उत्तम. खेळून पारखलेलं मात्र कागदावर जपायलाच हवं.