आशाताईंची फिल्म हारतुऱ्यांची नको



गावोगावच्या आशाताईंच्या कामावर एखादी फिल्म करून ती मेळाव्यात दाखवावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. पण सरकारी छापाची नको. इस्त्रीची साडी, हसरे बाळ, मागे बासरी आणि शेवटी मंत्र्यांचा फोटो, हे आपण पुष्कळ पाहिले.

अडचण अशी की हे काम डोळ्यांना दिसत नाही. गाय आटली तर दिसते, कापूस लाल पडला तर दिसतो. वाचलेले बाळ मात्र चारचौघांच्या बाळासारखेच दिसते. हिशेब आहे, नाही असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. पण नुसता आकडा सांगा, सभेतला माणूस तंबाखूची डबी काढतो.

म्हणून काम दाखवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. परत तेवढेच भरले तर दवाखाना गाठायचा. ते मिनिट न कापता पडद्यावर चालू द्या. बासरी नको, निवेदन नको. बाळाची छाती आणि ताईचे पुटपुटणारे ओठ, बस्स. मांडवातली माणसे आपोआप मोजू लागतील.

आणि लगेच पुढे तिच्या पैशाचा हिशेब दाखवा. 2011 मध्ये हे काम देशभरच्या आशांकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर 42 दिवसांत सहा भेटी, त्या सगळ्या पुऱ्या केल्या की 250 रुपये, असे ठरले. भेटीला 42 रुपयेसुद्धा पडत नाहीत. कागदावर ती 'स्वयंसेविका', म्हणजे पगाराचे नावच नको! 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या याच आशा मुंबईत आझाद मैदानावर बसून होत्या. बाळ दाखवून हे लपवणारी फिल्म म्हणजे दुधाची चरवी दाखवायची आणि पेंडीची पावती खिशात ठेवायची.

पैसा कुठून आणायचा? 1976 चा 'मंथन' आठवा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि श्याम बेनेगलांनी सिनेमा काढला. पुढे तो गावोगाव दाखवला, तेव्हा पाठोपाठ जनावरांचा डॉक्टर आणि चाऱ्याचा जाणकार पाठवला. पाहणाऱ्याने विचारले तर उत्तर द्यायला माणूस हजर. त्यातून दूध सोसायट्या उभ्या राहिल्या. आपल्याला एवढा मोठा सिनेमा काढायचा नाही. गावच्या पोराच्या मोबाईलवर वीस मिनिटांची फिल्म होते, तालुक्याची वर्गणी त्याला पुरते. वर्गणी आपली असली म्हणजे शेवटी कोणाचा फोटो लावायचा हेही आपणच ठरवू.

बाळाच्या आईला विचारल्याशिवाय कॅमेरा घरात न्यायचा नाही. मरणाच्या दारातले पोर दाखवून रडवायचे तर अजिबात नाही. फिल्म संपली की त्या ताईला मंचावर खुर्ची द्या, लोकांना प्रश्न विचारू द्या, आणि त्या दिवशी तिचा बुडालेला रोज वर्गणीतूनच भरून द्या.