स्वस्त चित्रांचे मोल

अकलोलीच्या उष्ण कुंडांत स्नान करून वज्रेश्वरीच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू देवीची एखादी छापील तसबीर घरी आणतो. ती भिंतीवर लागते, पावसाळी दमटपणाने डागाळते आणि अखेर नदीत विसर्जित होते. यात अश्रद्धा मुळीच नाही. परंतु छापील चित्रांचा इतिहास मात्र असाच वाहून जातो.

शीख चित्रांचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. गुरु नानकांचे समकालीन, अस्सल म्हणता येईल असे चित्र उपलब्ध नाही. गुरुद्वारातील पूज्य स्थानही ग्रंथसाहिबांचे, चित्राचे नव्हे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बाला व मर्दाना यांच्यासमवेत बसलेल्या नानकांची लाकडी ठशांनी छापलेली चित्रे पंजाबच्या बाजारांत अल्प किमतीत विकली जात. त्यांपैकी काही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दहा वर्षे अध्यापन करून १८७५ मध्ये लाहोरला गेलेल्या लॉकवुड किपलिंग यांनी जमविली. त्यांचा संग्रह आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बाजाराने क्षुद्र मानलेली वस्तू परक्याने जपली, हे कबूल केलेच पाहिजे.

जुनी चित्रे जपावयाची कशासाठी? १९६९ च्या पंचशताब्दीसाठी सोभासिंग यांनी रंगविलेले नानकांचे चित्र घरोघरी पोहोचले. ते सुंदर आहे. तथापि त्याआधीची चित्रे नाहीशी झाली, तर एका चित्रकाराची कल्पना हाच इतिहास ठरेल.

हे काम मोठ्या संस्थांचे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु १९७२ च्या आगीत मळवलीचा रविवर्मा छापखाना भस्मसात झाला आणि जून १९८४ मध्ये अमृतसरच्या शीख संदर्भ ग्रंथालयावर घाला पडला. एकाच ठिकाणी साठविलेला ठेवा एकाच आघातात जातो. म्हणून गुरु गोविंदसिंगांच्या अखेरच्या वास्तव्याने पावन झालेल्या नांदेडपासून भिवंडी तालुक्यातील शाळेपर्यंत ही जबाबदारी वाटून घेतली पाहिजे.

त्यासाठी द्रव्यापेक्षा दक्षता अधिक लागते. चित्राला चिकटपट्टी लावू नये, ते प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. ऊन व ओल यांपासून दूर, सपाट ठेवावे. समासातील प्रकाशकाचे नाव कापू नये, कारण तोच त्याचा जन्मदाखला होय. विसर्जनापूर्वी निदान त्याचे छायाचित्र घेऊन नोंद करावी. श्रद्धेचा मान राखूनही स्मृती टिकविता येते.