क्रमांक आणि कस

पहाटे अनसिंगच्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं धावताना दिसतात. परवा त्यांतला एक जण हिरमुसून बसला होता. पाच हजार मीटरच्या शर्यतीत तो सातवा आला होता. म्हणाला, ‘‘सगळे घोळक्यानं सावकाश पळाले, शेवटच्या फेरीत पुढचे सुटले. घरचे म्हणतात, आता पळणं सोड.’’

मला अविनाश साबळे आठवला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा. जुलै २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत फार संथ झाली. पुढं होऊन वेग वाढवायला कुणी तयार नव्हतं. अविनाश ८ मिनिटं ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शर्यत वेगवान झाली आणि त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं! एवढ्यात माणूस बदलत नाही. शर्यत बदलली होती.

संथ शर्यतीत दिसतो तो शेवटच्या फेरीतला झपाटा. पदकं अशाही शर्यतींत मिळतात, म्हणून तो कमवायलाच हवा. पण दम किती आहे, हे वेगवान शर्यतीतच कळतं.

तेव्हा पालकांनो, मुलाचा क्रमांक विचारण्याआधी शर्यत कशी झाली, ते विचारा. एका सातव्या क्रमांकासाठी त्याचे बूट माळ्यावर टाकू नका.