समुद्र सुटीचे वेळापत्रक पाळत नाही

रत्नागिरी : कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईकरांसाठी रत्नागिरी काही तासांच्या अंतरावर आली. आता जोडून सुट्या आल्या की गणपतीपुळे, आरे-वारे, भाट्ये, गुहागर येथील किनारे फुलून जातात. मात्र पर्यटक येतो तो सुट्या पाहून. समुद्र चालतो भरती-ओहोटीप्रमाणे. या विसंगतीची किंमत अनेकदा जिवाने मोजावी लागते. जुलै २०२५ मध्ये आरे-वारे येथे चौघांचा बुडून मृत्यू झाला.

गणपतीपुळ्याचे उदाहरण बोलके आहे. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, तेथे भाविकांची रीघ लागते. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, असा किनारपट्टीवरचा जुना हिशेब आहे. त्यानुसार चतुर्थीला ढोबळमानाने दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण होऊन ओहोटी लागते. दर्शन व भोजन आटोपून अनेक जण पाण्यात उतरतात, ते नेमके याच सुमारास. येथे किनारा झपाट्याने खोल होतो आणि परतणारे पाणी माणसाला आत ओढते. अशा प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी अननुभवी व्यक्तीने उडी घेतल्यास बळींची संख्याच वाढते.

पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते. दर्यावर्दी मच्छीमार नौका किनाऱ्यावर ओढतो, त्या दिवसांत शहरातून आलेल्या पाहुण्याने धाडस दाखविण्यात शहाणपण नाही. या काळात रत्नदुर्गावरून समुद्र पाहावा. थिबा राजवाडा आणि लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान पाहावे. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळ्यात कमी वेगाने धावतात, वेळाही बदलतात; त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी आवश्यक ठरते. निवांत किनारा हवा असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दापोलीकडून येणाऱ्यांचा मोठा वळसा दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींमुळे वाचतो. मात्र शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी.

सूचनाफलक आणि जीवरक्षक आवश्यकच आहेत. पण लांबच लांब किनाऱ्यावर प्रत्येकामागे जीवरक्षक उभा करणे कोणत्याही ग्रामपंचायतीला शक्य नाही. खोलीच्या आरक्षणाबरोबरच भरती-ओहोटीच्या वेळाही हाती देण्याची प्रथा निवासस्थानांनी पाडली, तर ते काम फलकापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल. त्यासाठी खर्च काहीच नाही.