लघवीची नोंद कोण ठेवणार?

अलीकडे मधुमेहाचा रुग्ण दवाखान्यात आला की फाइलीच्या आधी फोन पुढे करतो. काल किती पावले चाललो, झोप किती तास लागली, जेवणानंतर साखर कुठवर चढली, सारे आलेखासह हजर असते. मला या यंत्राचे वावडे नाही. दंडावरच्या सेन्सरने भात आणि साखर यांचा संबंध रुग्णाला जसा पटवून दिला, तसा आपल्या व्याख्यानांनी क्वचितच पटवला असेल. परंतु या साऱ्या मोजदादीत एका गोष्टीला बहुधा जागा नसते, आणि नेमक्या तिच्याच नावाने हा रोग ओळखला जातो. ती म्हणजे लघवी.

'मेह' या शब्दाचा अर्थच मूत्रविसर्जनाशी निगडित आहे. आपल्या संहिताकारांनी प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले, ते मूत्राचे रंगरूप पाहून. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसन यांनी १७७६ साली रुग्णाचे मूत्र आटवून त्यातला गोड पदार्थ साखरच असल्याचे दाखवले. आमच्या पिढीने बेनेडिक्टची परीक्षा घरोघरी पाहिली आहे : ५ मिलिलिटर निळे द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा, आणि निळ्याचे हिरवे, पिवळे, नारिंगी होत अखेर विटेसारखे लाल. परीक्षा ढोबळ होती. ग्लुकोमीटरने तिला निवृत्त केले ते योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर रुग्णाचे लघवीकडे पाहणे संपले आणि वैद्याचे त्याविषयी विचारणेही उणावले.

हे उणावणे आपल्या गोव्याला परवडणारे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत इथल्या प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले, देशात सर्वांत अधिक.

'लघवीला फार होते' या एकाच तक्रारीमागे तीन निराळ्या अवस्था लपलेल्या असतात. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती मूत्रात सांडते आणि सोबत पाणी ओढून नेते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे तर साखर मुद्दामच त्या वाटेने बाहेर काढतात; पहिल्या काही दिवसांत फेऱ्या वाढल्या तर नवल नाही, पण तसे आधी सांगितले नाही तर रुग्ण गोळी परस्पर बंद करतो. दुसरी अवस्था याच्या उलट. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या मज्जातंतूंची जाण बोथट होते. सहाशे-सातशे मिलिलिटर साठले तरी भावना होत नाही, आणि जाऊन आल्यावरही बरेच आत उरते. तिसऱ्या अवस्थेत थोडेसे साठले तरी घाई होते आणि मोरीपर्यंत पोचण्याआधी कपडे ओले होतात. तिसरीचे औषध दुसरीला दिले तर लघवी अडण्याची वेळ येते. रक्ताच्या अहवालावरून हा भेद कळत नाही. तो कळतो तीन दिवसांच्या साध्या नोंदीतून : किती वाजता, किती माप, काय प्यायले, रात्री कितीदा उठले.

रात्रीचा हिशेब तर विशेष पाहावा. समजा, चोवीस तासांत १८०० मिलिलिटर लघवी झाली आणि त्यातली ८०० रात्रीच्या झोपेच्या वेळात. वृद्धांत हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक असला तर दोष मूत्राशयाचा नव्हे. पायांवरची सूज, झोपेतला श्वासरोध, जेवणातले मीठ, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी यांकडे वळावे लागते. आपल्याकडे हा प्रश्न केवळ झोपमोडीचा नाही. खेड्यांतील अनेक जुन्या घरांत शौचालय अजून मागीलदारी आहे. आषाढातली रात्र, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या आणि घाईत उतरणारी सत्तरीची बाई. खुब्याचे हाड मोडल्यावर ती आपल्यापुढे येते, आणि केसपेपरवर कारण म्हणून 'पाय घसरला' एवढेच लिहिले जाते.

आता फोनकडे येतो. खरे तर या नोंदीसाठी त्याच्यासारखे साधन नाही. तो उशाशी असतो आणि वेळ आपोआप टिपतो. मूत्राशयाची दैनंदिनी ठेवणारी ॲपही उपलब्ध आहेत. २०२२ साली अमेरिकेच्या एफडीएने 'मिनिटफुल किडनी' या घरगुती चाचणीला मान्यता दिली. तीत फोनचा कॅमेरा पट्टी वाचून मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिनचे गुणोत्तर सांगतो. वर्षातून एकदा करायची ही तपासणी किती जण टाळतात हे आपण जाणतो, म्हणून मला तिचे स्वागतच वाटते. परंतु सामान्य रुग्णाच्या फोनवर काय असते? दर तासाला 'पाणी प्या' असे बजावणारी घंटा! व्यायामशाळेतल्या तरुणाला आणि हृदय थकलेल्या वृद्धाला तिचे फर्मान बहुधा सारखेच. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक दिवसाचे ठरलेले पेले पुरे करायला रात्री साडेनऊला दोन पेले रिचवीत आणि चार वेळा उठावे लागते म्हणून साखरेला बोल लावीत.

याउलट बाजारात मासळी घेऊन बसणारी बाई सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, कारण जायचे कुठे? लघवी साखर टाकणारी गोळी चालू असताना असे कोरडे राहणे आणि तासन्‌तास रोखून धरणे जंतुसंसर्गाला व अशक्तपणाला आमंत्रण होय. 'का गेला नाहीत?' हा रकाना मी कोणत्याही ॲपमध्ये पाहिला नाही. शिवाय फोन बहुधा मुलाचा किंवा सुनेचा. खोकताना कपडे ओले होतात ही गोष्ट कुठली आई त्यात नोंदवील? तिला डॉक्टरांनी, खोलीत तिसरे कोणी नसताना, तिच्या बोलीत विचारावे, याला पर्याय नाही.

म्हणून माझी आपल्या वैद्यकबांधवांना सूचना आहे की फोन जरूर पाहावा, पण सोबत एक कार्ड द्यावे : चार रकाने, तीन दिवस, आणि एक मापाचा प्लास्टिक पेला. ज्यांना कार्ड नकोसे वाटते त्यांना मी दुधाचा हिशेब लिहितात त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणा करायला सांगतो. घरातल्यांना त्यातले काही उमगत नाही. मात्र त्या तीन दिवसांत नेहमीसारखेच वागा, असे दोनदा बजावावे लागते, कारण नोंद ठेवायची म्हटली की आपली माणसे परीक्षेला बसल्यासारखी वागू लागतात.