कुलज हृद्रोग आणि कुटुंबांचा स्वमदत गट

रुग्णाचा कुलवृत्तान्त विचारताना आपण मधुमेह, अर्श, दमा यांची आवर्जून नोंद करतो. ‘घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रेवदंडा-मुरूड पट्ट्यातील माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात आजोबा, काका व थोरला भाऊ असे तिघे चाळिशीच्या आत गेले; एक होडीवर, एक शेतात, एक झोपेत. प्रत्येक वेळी निराळे कारण सांगितले गेले. त्या तिन्ही मृत्यूंचा एकत्र विचार करण्यास मला सहा वर्षे लागली, हे कबूल केले पाहिजे.

सुश्रुताचार्यांनी आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज व पितृज असे दोन भेद केले. चरकाचार्यांनी बीजदोषजन्य कुलज विकार असाध्य मानले. परंतु असाध्य म्हणजे उपेक्षणीय नव्हे. हृद्भित्ती जाड होणारा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा विकार सुमारे ५०० व्यक्तींमागे एकास आढळतो. आई वा वडील यांपैकी एकाकडून आलेला दोषही बहुधा पुरेसा ठरतो, म्हणून प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. हृत्स्नायूंच्या एका जनुकातील २५ अक्षरांचा लोप भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. असा प्रत्येक वाहक रोगी होतो असे नाही. पण धोका वाढतो.

तात्पर्य, एकाचे निदान झाले की आईवडील, भावंडे व मुले यांचा ईसीजी व इकोकार्डिओग्राम व्हावयास हवा, आणि तो एकदाच करून भागत नाही. येथेच घोडे अडते. ‘मुलीचे लग्न जमणार नाही’ या भयाने घराणी मौन पाळतात. वैद्याच्या उपदेशाने हे मौन सुटत नाही. त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या कुटुंबाच्या बोलण्याने सुटते. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनियासाठी व डॉ. माया तुळपुळे यांनी कोडासाठी स्वमदत गटांची वाट घालून दिली. ते दोन्ही विकार हृद्रोगापेक्षा अधिक लपविले जाणारे होते.

औषधविक्रेत्या बंधूंचा यात मोठा वाटा आहे. लाँग क्यूटी या कुलज विकारात अझिथ्रोमायसिन, डॉम्पेरिडोन यांसारखी नित्याची औषधेही घातक लय निर्माण करू शकतात. गटाच्या सदस्याने निदानपत्रक दाखविल्यास चिठ्ठीविना काही देऊ नये. आपणही सोमलतेचे कल्प टाळावेत. जाड हृद्भित्तीमुळे रक्तमार्गात अडथळा असणाऱ्यास वमन-विरेचन देण्याचा मोह आवरावा. शरीरातील द्रव घटला की अडथळा वाढतो. अर्जुनावर माझी श्रद्धा आहे, तथापि अर्जुनक्षीरपाक सुरू केला म्हणून हृद्रोगतज्ज्ञाची भेट पुढे ढकलणे मला अक्षम्य वाटते.

माझी सूचना अशी. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, पुरुष घरी असतात. पहिली बैठक तेव्हा घ्यावी. ती दवाखान्यात नको, शाळेच्या वा समाजमंदिराच्या खोलीत व्हावी. नावांची वही कुटुंबांपैकीच एकाकडे राहावी, आपल्याकडे नव्हे. एक हृद्रोगतज्ज्ञ वर्षातून दोनदा येतील एवढी व्यवस्था संघटनेने करावी. उपर्युक्त कुटुंबातील धाकटी सून पहिल्या बैठकीस येण्यास तयार आहे. आणखी तीन-चार घरे हवीत. ती आपापल्या नोंदवह्यांत शोधावीत, ही विनंती.